रोल केजची नळी नावावर नव्हे, मापावर निवडा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती होऊ लागल्यापासून पुणे-मुंबईकडच्या बऱ्याच तरुणांनी आपल्या गाड्या पाव मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या सरळ धावेसाठी तयार करून घ्यायला सुरुवात केली आहे. इंजिन, टर्बो आणि टायर यांची निवड करताना ही मंडळी जेवढा अभ्यास करतात, तेवढा रोल केजच्या नळीसाठी करत नाहीत, ही माझी तक्रार आहे. गाडी उलटली तर चालकाचे डोके आणि चेपत येणारे छप्पर यांच्यामध्ये फक्त तो पोलादी सांगाडा असतो, आणि त्याची चौकशी मात्र ‘चांगला पाइप टाका’ एवढ्या एका वाक्यात उरकली जाते. नळ्या वाकवण्याच्या आणि जोडण्याच्या धंद्यात असल्यामुळे याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिला घोळ हार्डवेअरच्या दुकानातच होतो. तिथे ‘दीड इंची पाइप’ मागितला की जो पाइप मिळतो त्याचा बाहेरचा व्यास दीड इंच नसून 48.3 मिलिमीटर असतो, कारण पाण्याच्या पाइपाचे माप आतल्या पोकळीवरून ठरलेले असते आणि त्याची जाडी ए, बी, सी अशा वर्गांवरून ओळखली जाते. हा पाइप पाणी किंवा हवा वाहून नेण्यासाठी बनवलेला असतो. तो वाकताना आणि धक्का सोसताना कसा वागेल याची हमी त्याच्या कारखानदाराने कधी दिलेलीच नसते. आमच्याकडे दुरुस्तीसाठी आलेल्या एका गाडीचा केज कापला, तेव्हा नळीच्या आतल्या बाजूला पत्रा वळवून जोडल्याची उभी शिवण सरळ दिसत होती, काळ्या रंगाखाली जस्ताचा मुलामा होता आणि त्या जस्ताच्या वाफेमुळे वेल्डच्या टाक्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडली होती. बाहेरून पाहणाऱ्याला तो केज उत्तमच वाटला असता.

नियम काय सांगतात ते पाहू. भारतातल्या मोटारशर्यतींचे नियमन करणारी एफएमएससीआय ही संस्था एफआयए या मोटारक्रीडेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी संलग्न आहे, आणि एफआयएच्या परिशिष्ट ‘जे’मधील कलम 253 मध्ये केजसाठी शीत प्रक्रियेने ओढलेली, शिवणरहित, साध्या कार्बन पोलादाची नळी सांगितली आहे. तिची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला किमान 350 न्यूटन हवी. चालकाच्या मागच्या मुख्य कमानीसाठी 45 मिलिमीटर व्यास व 2.5 मिलिमीटर जाडी, किंवा 50 व्यास व 2 मिलिमीटर जाडी हे किमान माप आहे. बाकीच्या बहुतेक नळ्यांसाठी 38 व 2.5 किंवा 40 व 2 चालते. बाजारात हीच नळी ‘सीडीएस’ या नावाने मागावी लागते. अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची एनएचआरए ही संस्था 10 सेकंदांच्या आत किंवा ताशी 135 मैलांपुढे जाणाऱ्या गाड्यांना साधारणपणे पूर्ण केज सक्तीचा करते, अलीकडच्या काही मॉडेलांना सवलत देते, आणि केजच्या मुख्य नळ्यांसाठी 1⅝ इंच व्यास ठरवून साध्या पोलादाला किमान 0.118 इंच म्हणजे 3 मिलिमीटर, तर क्रोमोलीला 0.083 इंच म्हणजे 2.1 मिलिमीटर जाडी मागते.

या शेवटच्या दोन आकड्यांवरूनच क्रोमोलीचे वेड पसरले आहे. क्रोमोली, म्हणजे 4130 या क्रमांकाचे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद, हलके असते असे अनेक जण ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात दोन्ही पोलादांची घनता जवळजवळ सारखीच आहे. वजन वाचते ते केवळ नळी पातळ वापरण्याची मुभा मिळते म्हणून. वरच्या मापांनुसार साध्या पोलादाची नळी मीटरला सुमारे 2.8 किलो भरते आणि क्रोमोलीची सुमारे 2 किलो, म्हणजे 25 मीटर नळी लागणाऱ्या केजमध्ये वीसेक किलोंचा फरक पडतो. 1300 किलोंच्या आणि बारा सेकंदांत धाव पूर्ण करणाऱ्या गाडीला त्यातून चार ते सहा शतांश सेकंद मिळतील. ते कोणाला हवे असतील तर माझी हरकत नाही, परंतु त्या बदल्यात काय जाते तेही समजून घ्यावे. भार आल्यावर पोलाद किती लवते हे त्याच्या प्रत्यास्थतेवर अवलंबून असते आणि ती दोन्ही पोलादांत सारखी आहे; त्यामुळे 2.1 मिलिमीटर जाडीची क्रोमोली नळी त्याच व्यासाच्या 3 मिलिमीटरच्या साध्या नळीपेक्षा कडकपणात सुमारे 25 टक्क्यांनी कमी पडते. क्रोमोलीचे श्रेष्ठत्व आहे ते कायमची वाकण्यापूर्वी अधिक ताण सोसण्यात, आणि ते जोडाजवळ टिकवायचे असेल तर वेल्डिंग तितकेच काटेकोर लागते.

एनएचआरए क्रोमोलीला फक्त टिग वेल्डिंग, म्हणजे आर्गनच्या आवरणात हाताने तार देत केलेले वेल्डिंग, मान्य करते; साध्या पोलादाला मिगही, म्हणजे तार यंत्राने आपोआप पुढे सरकते ते वेल्डिंगही, चालते. क्रोमोलीच्या टाक्याशेजारचा पट्टा झपाट्याने थंड झाला तर कडक आणि ठिसूळ होतो. दारे सताड उघडी, वर पंखा चालू आणि टाका मारला की त्यावर पाणी ओतायचे, अशी सवय जिथे आहे तिथे क्रोमोली आणूच नये. आर्गनचा सिलिंडर आहे म्हणजे टिगचे कसब आहे असेही मानू नये. माझे स्पष्ट मत असे आहे की, आपल्याकडच्या बाराएक सेकंदांत धावणाऱ्या बहुतेक गाड्यांसाठी 45 मिलिमीटर व्यासाची, 2.5 मिलिमीटर जाडीची सीडीएस नळी, नीट खाच पाडून, फटी न ठेवता जोडलेली, ही घाईत जोडलेल्या क्रोमोलीपेक्षा कितीतरी सुरक्षित ठरते. टाका सुबक दिसावा म्हणून त्यावर ग्राइंडर फिरवणे तर एनएचआरएच्या नियमांत निषिद्धच आहे, कारण त्यात टाक्याची जाडी जाते आणि तपासणाऱ्याला त्याची प्रतही कळत नाही.

वाकवण्याकडे होणारे दुर्लक्ष तितकेच गंभीर आहे. नळीत वाळू भरून गॅसच्या ज्योतीवर लाल करून वाकवण्याची जुनी पद्धत ग्रिलच्या कामाला ठीक असेल, पण केजसाठी एफआयए थंड अवस्थेतच वाकवायला सांगते आणि वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट मागते. अशा वळणावरही बाहेरच्या बाजूची जाडी साधारण 14 टक्क्यांनी घटते. शिवाय कारखान्यातून निघणाऱ्या नळीच्या जाडीतही थोडा कमी-जास्तपणा असतोच. म्हणून नियमात 3 मिलिमीटर लिहिले असेल तर 3.2 ची नळी मागवावी, आणि वाकवलेली कमान बसवण्यापूर्वी तिची जाडी श्राव्यातीत मापकाने वळणावर आणि सरळ भागात अशी दोन्हीकडे मोजून घ्यावी. मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या, पत्र्याच्या एकसंध सांगाड्याच्या गाडीत नळी थेट फरशीच्या पत्र्यावर टेकवू नये, हे वेगळे सांगायला नको. एफआयए तिथे किमान 3 मिलिमीटर जाडीची, 120 चौरस सेंटिमीटरची पट्टी मागते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. बाहा या विद्यार्थ्यांच्या गाडीबांधणी स्पर्धेतल्या बग्गीसाठी आणलेली 25.4 मिलिमीटर व्यासाची, 3 मिलिमीटर जाडीची नळी उरते, तिचे प्रमाणपत्रही हाताशी असते, आणि मग ती मित्राच्या सेडानमध्ये बसवण्याचा मोह होतो. धातू उत्तम असला तरी त्या नळीचा वाकण्यातला कडकपणा 45 व्यासाच्या नळीच्या एक पंचमांशाहूनही कमी आहे. छोट्या बग्गीसाठी ठरवलेले माप त्याहून अनेक पट जड गाडीला पुरणार नाही.

केज स्वतःही इजा करू शकतो. मार्च 2007 मध्ये अमेरिकेत गेन्सव्हिल येथे सरावादरम्यान टायरच्या तीव्र थरथरीने एरिक मेडलेन या फनी कार (ड्रॅग शर्यतीतल्या अतिवेगवान गाड्यांचा एक प्रकार) चालकाच्या डोक्याला जबर मार बसला आणि काही दिवसांतच त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याच्या संघाने चालकाभोवतीचा केज रुंद केला आणि आतले अस्तर वाढवले. हेल्मेटजवळच्या नळ्यांवर साध्या फोमऐवजी प्रमाणित कठीण अस्तरच हवे. हाच विचार पुढे नेला तर, पूर्ण केज बसवलेली गाडी रोज हेल्मेटविना शहरात फिरवणे किती धोक्याचे आहे हेही ध्यानात येईल.

शर्यतींच्या आयोजकांना आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती आहे की, प्रवेश अर्जासोबत केजच्या नळीचे कारखान्याचे प्रमाणपत्र आणि रंग देण्यापूर्वीची जोडांची छायाचित्रे मागावीत, मुख्य कमानीवर नळीची जाडी पाहण्यासाठी एक लहान तपासणी छिद्र सक्तीचे करावे आणि तांत्रिक तपासणीच्या टेबलावर जाडीमापक ठेवून प्रत्येक गाडीची नोंद करावी. एका गाडीला त्यासाठी पाच-दहा मिनिटेच लागतील.

आपला,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक,
भोसरी, पुणे