‘मिळाले’ म्हणजे कुणी दिले?

संपादक महोदय, स. न.

कालच्या अंकात पान पाचवर आमच्या गावाची बातमी आली, त्याबद्दल आभार. एरवी बिबट्या दिसला तरच आमचे गाव तुमच्या पेपरात येते. पण मथळा वाचला आणि हातातला चहा तसाच राहिला: ‘अखेर ख्रिस्ती बांधवांना मिळाले चर्च’.

मिळाले? रेशन मिळते, घरकुल मिळते. मंदिर (आम्ही मंदिरच म्हणतो, म्हाताऱ्या तर सरळ देऊळ म्हणतात) आम्ही अकरा वर्षे बांधत होतो. चौतीस उंबऱ्यांची मंडळी, त्यातले निम्मे दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणारे. जमवलेला पैसा जोत्यापर्यंत पुरला, मग तीन पावसाळे जोत्यावर गवत वाढले नि शेळ्या चरल्या. उपासना पत्र्याच्या शेडात. पाऊस लागला की पाळकसाहेब उपदेश थांबवून उभे राहायचे, कारण पत्र्यापुढे त्यांचे कुणाला ऐकू जाणार? तेव्हा तुमचा बातमीदार फिरकला नाही.

पुढे एक वाक्य आहे, ‘परदेशातून मदत आल्याची चर्चा’. ही चर्चा कुठे झाली, पारावर की तुमच्या कचेरीत? जमाखर्चाची वही पंचांकडे आहे, केव्हाही या. परदेश सापडणार नाही, कोंबडी सापडेल. कापणीच्या सणाला लोक ज्वारी, अंडी, भोपळे, असेल ते अर्पण आणतात आणि उपासना सुटली की लिलाव होतो. एका वर्षी खुरपायला जाणाऱ्या एका म्हातारीने तलंग आणली. पहिल्याने तीनशेला घेतली आणि पुन्हा मेजावर ठेवली. दुसऱ्याने साडेतीनशेला घेतली, त्यानेही ठेवली. तिसरी बोली पाळकसाहेबांची, चारशे. पाय बांधलेली तलंग दर बोलीला ओरडायची आणि पोरे खिदळायची. शेवटी ती म्हातारीच्याच खुराड्यात परत गेली आणि वहीत एक हजार पन्नास रुपये जमा झाले. त्या विटा पश्चिमेच्या भिंतीत आहेत, दाखवीन.

‘काही वर्षांपासून गावात ख्रिस्ती कुटुंबे राहतात’ हेही छान! अमेरिकन मराठी मिशन नगरला आले १८३१ साली. त्याच नगरातून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक सुरू झाले. पत्रकारितेत ते तुमच्या दैनिकाचे पणजोबा लागतात, निदान तेवढे तरी माहीत हवे. आणि आमच्याकडे गातात ती रेव्हरंड टिळकांची मराठी पदे, पेटी-ढोलकीवर. बातमीदाराने ‘इंग्रजी प्रार्थनांचे सूर’ नेमके कुठून ऐकले ते त्यालाच ठाऊक. आला होता का, हीच शंका आहे.

शंकेला कारण, फोटो. दोन उंच मनोरे, रंगीत काचा, पुढे नारळाची झाडे. नगर जिल्ह्याच्या दुष्काळी टापूत! आमचे मंदिर वीस बाय चाळीसचे, वर साधा स्लॅब, घंटा अजून यायची आहे.

आता लिहितोच आहे तर आणखी एक. आमच्या दफनभूमीला रस्ता नाही. गेल्या आषाढात चौघांनी शवपेटी डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडला, मागून आम्ही बाकीचे एकमेकांचे हात धरून. त्यावर मी आपल्याला दोन पत्रे पाठवली, एकही छापले नाही. नाताळच्या पानावर मात्र दरवर्षी सांताक्लॉजला अर्धे पान मिळते.

मंदिराचा खरा फोटो सोबत जोडला आहे. तो चुकीच्या फोटोइतक्याच आकारात छापावा, ही विनंती. डाव्या कोपऱ्यात सिमेंटची गोणी राहून गेली आहे, ती कापली तरी हरकत नाही.

आपला,
मंडळीतला एक पंच, जि. अहिल्यानगर