गळाची काठी आणि गळ्यातला हार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘देवदास’वरच्या चित्रपटांची तुलना करणारा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. कुणाचा देवदास जास्त रडवतो, कुणाचे सेट भव्य, कुणाची गाणी सरस, यावर लेखाचा सगळा भर आहे. मूळ कादंबरी त्यात नावापुरती येते. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची १९१७ साली प्रसिद्ध झालेली ही छोटेखानी कादंबरी शेजारी ठेवून हेच चित्रपट पाहिले, तर लेखात लावलेली क्रमवारी टिकत नाही. म्हणून हे पत्र.

सुरुवात वयापासून करायला हवी. लग्नाचा विषय निघतो तेव्हा कादंबरीतली पारो, देवदासची शेजारीण आणि बालमैत्रीण, तेरा वर्षांची आहे आणि देवदास विशीच्या उंबरठ्यावर. जमीनदार बापापुढे ब्र काढायची त्याची छाती होत नाही, आणि त्या वयाच्या पोराच्या बाबतीत ते पटतं. पडद्यावरचे सैगल, दिलीपकुमार, शाहरुख खान आणि अभय देओल हे चौघेही ही भूमिका करताना तिशी ओलांडलेले होते. एवढा बाप्या माणूस वडिलांना इतका का भितो, हे प्रेक्षकाच्या गळी कसं उतरवायचं? प्रत्येक पटकथेपुढचं पहिलं कोडं हेच, आणि ते कसं सोडवलं यावर पुढचं बरंच काही ठरतं.

बिमल रॉय यांनी १९५५ मध्ये बालपणाला ऐसपैस जागा दिली. दिलीपकुमार पडद्यावर येईपर्यंत तो हट्टी, कच्च्या मनाचा पोरगा आपल्या मनात पक्का बसलेला असतो. २००२ मध्ये संजय लीला भन्साळी यांनी बालपण झलकांपुरतं ठेवलं आणि देवदासला थेट लंडनहून शिकवून आणलं. असा माणूस बापापुढे मान खाली घालेल कशाला? मग कान भरणारी वहिनी आली, भरल्या घरात पारोच्या आईचा अपमान आला. कादंबरीत असं कारस्थान नाही. पारोचं घराणं मुलीचं देज, म्हणजे लग्नात वरपक्षाकडून पैसे, घेणारं, त्यातून घर शेजारचं, एवढ्यावरून नकार येतो. पुढचं नुकसान देवदास स्वतःच्या हाताने करतो. कलकत्त्याला जाऊन तो पारोला कळवतो, की तुझ्यावर माझं विशेष प्रेम आहे असं मला कधी वाटलंच नाही. पत्र पेटीत पडतं आणि तो पस्तावतो. हे पत्र भन्साळींच्या चित्रपटातही आहे, पण तोवर दोष इतक्या जणांत वाटला गेलेला असतो की पत्राला वजन उरत नाही.

याच कसोटीवर अनुराग कश्यप यांचा ‘देव डी’ (२००९) वर चढतो. लेखात त्याला विडंबन म्हटलं आहे, ते अजिबात पटलं नाही. कादंबरीतली पारो मध्यरात्र उलटल्यावर एकटी देवदासच्या खोलीत जाते. लोक काय म्हणतील ही धास्ती त्याला पडते, तिला नाही. ‘देव डी’तली पारो सायकलवर गादी लादून शेतात जाते, तेव्हा तो पुढाकार पुस्तकातलाच असतो. आणि देव तिला झिडकारतो तो ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून, स्वतःच्या तोंडाने. मध्ये कुणी वहिनी नाही, कुणी सासूबाई नाही. गाव, काळ, भाषा सगळं बदलूनही देवदासचा अपराध तिथे देवदासच्याच पदरात राहिला आहे.

आता तो घाव. लहानपणी गळाच्या काठीसाठी बांबू तोडताना पारोच्या हातून शेंडा सुटतो, देवदास पडतो आणि चिडून वाळक्या फोकाने तिला मारतो. घरी ती सांगते, पंतोजींनी मारलं. पुढे लग्न ठरल्यावर घाटावर भेट होते. तुला आईबाप आहेत तसे मलाही आहेत, असं पारो त्याला ठणकावते आणि देवदास हातातल्या गळाच्या काठीची मूठ तिच्या कपाळावर हाणतो. रक्त येतं. मग स्वतःचाच सदरा फाडून, पाण्यात भिजवून तो पट्टी बांधतो. लहानपणी जिच्यासाठी बांबू तोडला तीच वस्तू, मारणारा तोच, मार खाणारी तीच. या वेळी मात्र वण कायमचा राहणार आहे. १९५५ च्या चित्रपटात घाट, पाणी आणि काठी जागच्या जागी आहेत. २००२ मध्ये पारो नवरीच्या शृंगारात आहे आणि घाव बसतो तो हाराचा. दृश्य देखणं आहे, यात शंका नाही. पण बालपणापासून आलेला धागा तिथे तुटतो. शिवाय हार ही मारायची वस्तू नव्हे, त्यामुळे तो मार न वाटता प्रेमाची खूण वाटू लागतो. पुस्तकात तो मारच आहे, वाचताना अंगावर येतो.

पारो आणि देवदासवर जीव लावणारी कलावंतीण चंद्रमुखी कादंबरीत एकदाही समोरासमोर येत नाहीत. बिमल रॉय यांनी त्यांना रस्त्यात एकमेकींच्या बाजूने जाऊ दिलं, एक पालखीत, दुसरी पायी. नजरानजर होते. ओळख नाही, शब्द नाही. मूळ न मोडता भर घालावी ती अशी. दोघींचं पारडं तिथे इतकं सारखं आहे की चंद्रमुखी झालेल्या वैजयंतीमाला यांनी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक नाकारलं, ते रास्तच होतं. दुर्गेच्या मूर्तीसाठी वेश्येच्या दारची माती न्यायच्या बंगाली रीतीचा आधार घेऊन भन्साळींनी दोघींना भेटवलं. ही कल्पना अस्सल आहे, तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. सरोज खान यांचं नृत्य आणि नितीन चंद्रकांत देसाई यांचे सेट यांबद्दलही दुमत नाही. पण त्या नाचानंतर पारोचं जुनं प्रेम नवऱ्याच्या कानी जातं आणि तिला वाड्याबाहेर पडायची बंदी होते. शेवटी मरणाऱ्या देवदासकडे धावणाऱ्या पारोसमोर वाड्याचा दरवाजा लागतो, तो त्या बंदीपायी. कादंबरीत बंदी कुणाला घालावी लागत नाही. जमीनदाराच्या बायकोने बाहेर पडायचं नसतं, हे न सांगताच सगळ्यांना ठाऊक असतं.

गाण्यांबद्दल एकच. १९५५ मधलं ‘आन मिलो श्याम साँवरे’ लेखात भरतीचं ठरवलं आहे. कादंबरीत छोटी पारो देवदासने सांभाळायला दिलेले तीन रुपये गात आलेल्या तीन वैष्णवींना देऊन टाकते. ते गाणं त्या प्रसंगाची सावली आहे.

दिग्दर्शक प्रमथेश बरुआंना लेखात एक ओळ मिळाली, हे फारच कमी झालं. १९३५-३६ मध्ये त्यांनी बंगाली आणि हिंदी दोन्ही ‘देवदास’ केले. हिंदीचा कॅमेरा बिमल रॉय यांच्याकडे होता. आगगाडीत तापाने फणफणलेला देवदास हाक मारतो आणि तिकडे दूर पारो अडखळून पडते, ही जोडणी पुस्तकात नाही, तरी पुस्तकाच्या जातीची आहे.

राहिला शेवट. बंद होणारा दरवाजा कादंबरीतला असल्याचं लेखात गृहीत धरलं आहे. तो पडद्यावरचा आहे. २००२ मध्ये देवदासच्या अंगात धुगधुगी असतानाच पारो धावत सुटते आणि ती पोचेल का, म्हणून आपण श्वास रोखून बसतो. कादंबरीत ही शर्यतच नाही. बैलगाडीतून देवदास रात्री पोचतो, पारोच्या सासरच्या वाड्यासमोरच्या पिंपळाच्या पारावर पडून राहतो आणि सकाळी प्राण सोडतो. अंगठीवरून आणि खिशातल्या पत्रांवरून ओळख पटते. पारोला कळतं तोवर प्रेत हलवलेलं असतं. ती धावते, नोकर-मोलकरणी तिला धरतात, बेशुद्ध पडलेली पारो आत नेली जाते. दुसऱ्या दिवशी डोळे उघडल्यावर ती दासीला एवढंच विचारते, की तो रात्रीच आला होता ना, रात्रभर होता ना. मग गप्प होते.

कळावे,
एक नियमित वाचक