ट्रॉलीच्या तळासाठी साग मागू नका, गाभा मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरला की ऊस हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांची डागडुजी सुरू होते आणि तळाच्या कुजलेल्या फळ्या बदलण्यासाठी शेतकरी वखार गाठतो. ‘साग आहे का?’ हा त्याचा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न असतो. हा प्रश्नच अपुरा आहे, हे कळायला मला दोन पावसाळे आणि बरेच पैसे घालवावे लागले.

माझ्या ट्रॉलीचा तळ दहा बाय सहा फुटांचा असल्यामुळे दीड इंच जाडीने साडेसात घनफूट माल लागला. तो सागाचाच होता, याबद्दल मला आजही शंका नाही. मात्र कित्येक फळ्यांच्या कडेला दोन बोटे रुंदीची फिकट पट्टी होती. मिस्त्रीने तेव्हाच तिच्यावर बोट ठेवले होते. रंग दिल्यावर काय दिसणार, म्हणून मीच कानाडोळा केला. यंदा फळ्या उचकटल्या तेव्हा ती पट्टी स्क्रू ड्रायव्हर लावताच पिठासारखी गळू लागली, आणि तिला लागूनच असलेल्या तपकिरी गाभ्यात मात्र तेच टोक शिरेना.

खोडाचा बाहेरचा पांढरा भाग झाड उभे असताना पाणी वाहून नेतो आणि अन्न साठवतो. बुरशीला व भुंगेऱ्यांना नेमके तेच हवे असते. गाभ्यात साठलेली तेले आणि अन्य द्रव्ये त्यांना दूर ठेवतात. त्यामुळे सागाचा पांढरा भाग टिकाऊपणात आंब्याच्या फळीच्याच पंगतीला बसतो. लवकर तोडलेल्या, कोवळ्या लागवडीच्या सागात हा भाग अधिक असतो, आणि बाजारात तसाच माल पुष्कळ येतो.

पर्याय म्हणून मी जुन्या बाभळीचा गाभा सुचवेन. बैलगाडीची चाके आपल्याकडे याच लाकडाची होत आली आहेत. ते सागाहून जड असते आणि वाळताना तडकते, म्हणून सावलीत चळत रचून नीट वाळवल्याशिवाय बसवू नये. निलगिरीच्या फळ्या पिळतात आणि फाटतात; पॅकिंगच्या खोक्यांचे पाईन तर उघड्यावर टिकतच नाही. बांधावरचा स्वतःचा साग तोडायचा असेल, तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

चांगले लाकूडही वाईट बसवले तर कुजतेच. ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही, म्हणून दोन फळ्यांमध्ये बोटाच्या पेराएवढी नव्हे, पण पेन्सिल जाईल एवढी फट ठेवावी. शेणखत आणि माती तिच्यात अडकते, ती अधूनमधून खरवडून काढावी. फळीच्या कापलेल्या टोकांतून पाणी सर्वांत लवकर आत शिरते, पण रंग नेमका तेथेच द्यायचा राहतो. खिळ्यांऐवजी नटबोल्ट वापरावेत, म्हणजे एखादीच फळी बदलता येते; पत्र्याच्या तळापेक्षा लाकडी तळ मला बरा वाटतो तो याच सोयीसाठी. जळके ऑईल चोपडण्याची आपल्याकडची रीत मात्र सोडावी. ते गाभ्यात फारसे मुरत नाही, तळ निसरडा होतो, आणि त्याच ट्रॉलीतून आपण धान्याची पोतीही नेतो.

वखारवाले बिलावर केवळ ‘साग, इतके घनफूट’ असे लिहितात. त्यात ‘गाभ्याचा’ किंवा ‘पांढऱ्या कडेसह’ एवढे शब्द वाढवावेत आणि दोहोंचे दर वेगळे लावावेत. तोवर ग्राहकाने प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा उजेडात पाहून, पांढरी पट्टी वजा करूनच घनफूट मोजून घ्यावेत.

आपला,
एक ट्रॉलीधारक शेतकरी
ता. वाळवा, जि. सांगली