सुया टोचून घ्या, पण गोळ्या सोडू नका

एर्लांगेन, जर्मनी

तीर्थरूप बाबांस,
मेधाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. मी इथे मजेत आहे, जेवणाखाण्याची आबाळ नाही आणि कंबरही आता बरी आहे, तेव्हा आईने उगाच जीव टांगणीला लावू नये. मी दुखणे लपवले असे ती म्हणते, पण तुमची अँजिओप्लास्टी नुकती झालेली असताना फोनवर माझे रडगाणे लावायचे नव्हते, एवढेच.

मात्र सुयांनी माझ्या कंबरेला आराम पडला हे ऐकून तुम्ही हृदयासाठी म्हापशाच्या ॲक्युपंक्चरवाल्यांकडे जायचे ठरवले आहे आणि ‘मग गोळ्याही कमी करता येतील’ असे वर लिहिले आहे, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

इथे माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनीच सुया टोचल्या. सार्वजनिक आरोग्य विमा २००७ पासून जुनी कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज या दोनच दुखण्यांसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च देतो. हृदयविकार त्यात नाही, हे आधी लक्षात घ्यावे. आणि दवाखान्यातली एक तऱ्हा तर सांगायलाच हवी. बाहेरच्या खोलीत शिरणारा प्रत्येक जण आत बसलेल्या साऱ्या अनोळखी माणसांना मिळून एकदाच मोठ्याने नमस्कार करतो, सगळे उत्तर देतात आणि त्यानंतर कोणी कोणाशी चकार शब्द बोलत नाही. उठून जाणाराही तसाच सगळ्यांचा एकदम निरोप घेतो. पहिल्या दिवशी मी मुकाट्याने जाऊन बसले, तर साऱ्यांनी वर पाहिले. फोंड्याला डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत शेजारच्याची साखर, त्याचे गाव आणि त्याच्या मुलीचे लग्न कुठे अडले आहे हे सगळे कळते. इथे नावसुद्धा कळत नाही. त्यामुळे सुयांनी कोणाला किती गुण आला हे कानावर येत नाही, वाचावे लागते. ते मी वाचले.

चीनमधील एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. चालता-चढताना छातीत कळ येणाऱ्या ४०४ रुग्णांवर तो झाला. मनगटाच्या आतल्या बाजूच्या बिंदूंवर चार आठवड्यांत बारा वेळा सुया टोचल्यावर त्यांच्या कळा खोट्या सुया (म्हणजे खरे बिंदू सोडून भलतीकडे) टोचलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाल्या. पण त्या साऱ्यांचे नेहमीचे औषधोपचार चालूच होते, आणि कळ कमी होणे म्हणजे धमनीतला अडथळा जाणे नव्हे. रक्तदाबाचा अभ्यास याच एर्लांगेनच्या विद्यापीठात झाला होता: सहा आठवड्यांच्या उपचाराने वरचा आकडा सरासरी पाचेक अंकांनी उतरला आणि उपचार थांबल्यावर तीन महिन्यांत पूर्वपदावर आला. रक्तदाबावरच्याच २००६ च्या अमेरिकी अभ्यासात तर खऱ्या-खोट्या सुयांत फरकच दिसला नाही. मनगटाजवळचा मज्जातंतू डिवचला की मेंदूच्या तळाशी रक्तदाब सांभाळणारा भाग शांत होतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे, म्हणून हे सारे थोतांड आहे असे मी म्हणणार नाही.

तुम्ही डॉ. कोटणीसांचे नाव घातले आहे. सोलापूरच्या त्या थोर माणसाबद्दल मलाही आदर आहे, पण ते चीनमध्ये शस्त्रक्रिया करीत होते. ॲक्युपंक्चर भारतात आणले ते त्यांच्याच वैद्यकीय पथकातून चीनला गेलेल्या डॉ. बसूंनी.

तेव्हा जायचेच असेल तर आधी बांबोळीच्या इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवू नयेत, कारण त्या थांबल्या की स्टेंटमध्ये, म्हणजे धमनीत बसवलेल्या जाळीत, रक्ताची गुठळी होऊ शकते. त्या गोळ्या चालू आहेत हे सुया टोचणाऱ्यालाही सांगावे, नाहीतर जागोजाग काळेनिळे पडेल. सुया नव्या, पाकीट तुमच्यासमोर फोडलेल्या असाव्यात. छातीच्या मधोमध सुई घेऊ नये: काहींच्या छातीच्या हाडाला जन्मतःच भोक असते आणि तिथून सुई हृदयापर्यंत गेल्याच्या घटना विरळ असल्या तरी नोंदलेल्या आहेत. आणि बसल्या जागी छातीत दुखू लागले, घाम फुटला, तर सुया नकोत आणि शेजाऱ्यांचा सल्लाही नको. थेट १०८ ला फोन करावा.

चवथीला यंदा रजा मिळत नाही. आईला मी वेगळे लिहीन. तिला राग येणार हे ठाऊक आहे. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला मात्र तुम्ही स्टुलावर चढू नये, दादाला सांगावे. पैसे सोमवारी खात्यात जमा होतील. ते तपासण्यांसाठी आणि औषधांसाठी आहेत, अंगणाच्या पेव्हरसाठी नव्हेत. कुडाळच्या स्थळाला आईने अजून होकार कळवू नये. मी नाही म्हणत नाही, पण मुलाशी आधी बोलायचे आहे. माझ्या लग्नाच्या काळजीने तुमची छाती दुखते असे ती म्हणते, पण अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये कारण वेगळे लिहिले होते. तो रिपोर्ट आणि गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो दादाकडून पाठवावा.

तुमची,
मेधा