मग बॉम्ब ठेवला कोणी?

संपादक महोदय,

पहलगामच्या हल्ल्यानंतर दहशतवादाच्या बदलत्या रूपाबद्दल बरंच छापून आलं. ड्रोन, मोबाइलवरून पोरांना नादी लावणं, हे खरंच आहे. पण धुळे-मालेगाव गाडीवर मी अनेक वर्षं वाहक होतो. मला आधी मालेगावचा भिक्कू चौकच आठवतो.

२९ सप्टेंबर २००८. रमजानचे दिवस, रात्रीची गर्दी, मोटारसायकलवरचा बॉम्ब, सहा जीव गेले. त्यानंतर कितीतरी दिवस गाडीत बेवारस पिशवी दिसली की मी घंटी मारून गाडी थांबवायचो. निघायचं काय, तर कुणाच्या भाकरीचं फडकं!

त्या खटल्याचा निकाल ३१ जुलै २०२५ ला लागला, म्हणजे जवळजवळ १७ वर्षांनी. सातही आरोपी निर्दोष. त्याआधी २००६ च्या मालेगाव स्फोटात पकडलेले नऊ जण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले होते. २०२५ च्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी स्टँडवर जुन्या चालक-मित्राने पेपर घडी करून विचारलं, "मंग हाई करं कोणी?"

सरकार काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. मुंबई हल्ल्यानंतर एनआयए ही केंद्राची तपास यंत्रणा उभी राहिली, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कडक झाला. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहर, त्याचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत यायला मात्र चीनच्या आडकाठीमुळे २०१९ उजाडलं. दहशतवादाविरुद्धच्या जागतिक कराराचा मसुदा भारताने १९९६ मध्ये मांडला, तो अजून लटकलाय. दहशतवादी कोणाला म्हणायचं यावरच देशांचं जमत नाही. तिथे आपलं फारसं चालत नाही, हे समजू शकतो.

पण मालेगावचा तपास तर आपल्याच हातात होता ना? आधी राज्याचं दहशतवादविरोधी पथक (एटीएस), मग २०११ पासून एनआयए, आणि दोघांचं म्हणणं एकमेकांशी जुळेना. ३२३ साक्षीदार तपासले, त्यांतले तीसहून जास्त फिरले. मुंबई हल्ल्यातल्या कसाबला मात्र चार वर्षांत फाशी झाली, कारण पोलीस तुकाराम ओंबळेंनी जीव देऊन त्याला जिवंत पकडून दिला होता आणि पुरावा भक्कम होता.

साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मान्यता दिली आहे. आपल्या भागात आजवर किती साक्षीदारांना ते संरक्षण मिळालं, एवढं तरी गृहखात्याने आपल्या वृत्तपत्रातून सांगावं.

– एक निवृत्त एस.टी. वाहक, धुळे