महासत्तांची मैत्री सुट्या भागांत मोजावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोव्हिएत बनावटीची मिग-२१ लढाऊ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाल्यापासून आपल्या दैनिकात रशियाच्या मैत्रीवर बरेच लिहून आले आहे. कोणाला १९७१ चे उपकार आठवतात, तर कोणाला रशिया आता चीनच्या कच्छपी लागल्याचे दुःख वाटते. या साऱ्या लिखाणात मैत्री ही भावना म्हणून येते. अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या चढाओढीने आपल्यासारख्या देशांच्या युद्धांवर नेमका काय परिणाम केला, हे समजून घ्यायचे तर विमानाचे इंजिन कुठे उघडले जाते, पैसे कोणत्या चलनात दिले जातात आणि टायर, बेअरिंग, सील कोण पुरवते, हे पाहावे लागते. म्हणून हा पत्रप्रपंच.

मुळात मिग आले तेच या चढाओढीमुळे. अमेरिकेने १९६१ मध्ये पाकिस्तानला एफ-१०४ स्टारफायटर विमाने दिली. भारताला ती मिळेनात, तेव्हा ऑगस्ट १९६२ मध्ये मॉस्कोशी करार झाला. मॉस्कोचे तेव्हा पेकिंगशी (आजचे बीजिंग, म्हणजे चीनशी) बिनसत चालले होते आणि दिल्ली पश्चिमेकडे झुकू नये अशी तिची इच्छा होती. त्यामुळे विमानांबरोबर ती भारतात बनवण्याचा परवानाही मिळाला. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी झाली. सोव्हिएत कर्जाच्या अटीही सोप्या असत. व्याज दोन-अडीच टक्के, मुदत साधारण दहा वर्षे आणि परतफेड रुपयांत. ते रुपये मॉस्को पुन्हा आपल्याकडचाच चहा, तंबाखू, चामडे, औषधे आणि लुधियानाचे होजिअरी कापड घेण्यात खर्च करी. डॉलरची चणचण असलेल्या देशाला यापेक्षा चांगला सौदा मिळणे कठीण होते, हे मान्यच करायला हवे.

दुसऱ्या बाजूला १९६५ मध्ये काय झाले ते पाहा. युद्ध पेटताच अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. कागदावर बंदी दोघांवर सारखीच होती, पण पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, सेबर आणि स्टारफायटर विमाने आणि त्यांचा दारूगोळा सगळे अमेरिकी असल्याने तिची झळ त्यालाच जास्त बसली. त्यानंतर तो शस्त्रांसाठी चीनकडे वळला, आणि ते वळण आजही कायम आहे.

१९७१ ची कथा वेगळी निघाली, कारण जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला जाऊन आले होते. अमेरिका आणि चीन जवळ येत आहेत हे दिसल्यावर मॉस्कोलाही दिल्लीची गरज वाढली. ९ ऑगस्टला मैत्री करार झाला आणि डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने तीनदा नकाराधिकार वापरला. कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र नौकाही सोव्हिएत बनावटीच्याच होत्या. आपल्या नौदलाचे कसब मात्र इथे विसरू नये. या नौका उतरवून घेण्याइतकी जड क्रेन कलकत्त्याला होती, म्हणून त्या तिथे उतरल्या आणि दोरखंडाने ओढत मुंबईला आणल्या गेल्या. बंदराच्या रक्षणासाठी बनवलेल्या या लहान नौकांचा पल्ला मुळात कमी होता. ओढून नेल्यास त्या दूरवर वापरता येतात हे त्या प्रवासात कळले, आणि ४ डिसेंबरच्या रात्री त्यांच्या क्षेपणास्त्रांनी कराचीसमोर पाकिस्तानी युद्धनौका बुडवल्या. शस्त्र रशियन होते, युक्ती आपली होती.

मैत्रीची दुसरी बाजू इजिप्तच्या उदाहरणात जितकी स्वच्छ दिसते तितकी क्वचितच दिसत असेल. आपल्याकडे ते फारसे लिहिले जात नाही. इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी १९७२ मध्ये सोव्हिएत लष्करी सल्लागारांना परत पाठवले आणि १९७३ च्या युद्धानंतर ते अमेरिकेकडे सरकले. मॉस्कोने मिगच्या सुट्या भागांच्या पुरवठ्यात हात आखडता घेतला. जेट इंजिन ठरावीक उड्डाण-तास झाले की पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवावे लागते. ते झाले नाही तर विमान धडधाकट दिसत असूनही उडवता येत नाही. मग एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावायचे आणि ताफा दर महिन्याला थोडा थोडा आटत जातो. कैरोने भारताकडे मदत मागितली. कोरापुटला तर मिगची इंजिने तयारच होत होती. पण परवान्यावर बनवलेला माल तिसऱ्या देशाला द्यायचा तर मॉस्कोची संमती लागे. ती मिळाली नाही आणि आपण नकार कळवला. सादात यांनी मार्च १९७६ मध्ये सोव्हिएत संघाशी असलेला मैत्री करार रद्द केला, तेव्हा या नकाराचा उल्लेख जाहीरपणे केला. इजिप्तला इंजिने अखेर चीनने दिली. कारखाना आपला, कामगार आपले, तरी माल कोणाला द्यायचा हे ठरवणारे दुसरेच होते.

अमेरिकेबाबतचा आपला अनुभव यापेक्षा बरा नाही. पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुवीज केंद्रासाठी १९६३ मध्ये तीस वर्षे युरेनियम देण्याचा करार झाला होता. पोखरणच्या १९७४ च्या स्फोटानंतर अमेरिकेने १९७८ मध्ये अणुइंधनाच्या निर्यातीवर बंधने घालणारा कायदा केला आणि पुरवठा अडला. पुढे १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधन सोडायचे ठरवले आणि सिनेटने ४८ विरुद्ध ४६ अशा काठावरच्या मतांनी ते होऊ दिले. त्याआधी काही महिने सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या होत्या आणि वॉशिंग्टनला दिल्ली दुखवायची नव्हती, हे त्यामागचे एक मोठे कारण. तारापूरच्या दिव्यांचा निर्णय काबूलमुळे फिरला! पुढे १९८२ मध्ये इंधनासाठी फ्रान्सकडे जावे लागले.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटला तेव्हा एका देशातले कारखाने अनेक देशांत विखुरले. दोन आसनी मिग-२१ तिबिलिसीला बनत असे, ते जॉर्जियात गेले. एएन-३२ मालवाहू विमानाचे माहेर कीव्ह, ते युक्रेनमध्ये. युद्धनौका चालवणाऱ्या गॅस टर्बाइन इंजिनांचा कारखाना मिकोलाइव्हला, तोही युक्रेनमध्येच. रुपयातला व्यवहार संपला आणि होजिअरीची हक्काची बाजारपेठही गेली. जानेवारी १९९३ च्या करारात जुन्या कर्जाचा काही भाग बारा वर्षांत आणि उरलेला बिनव्याजी पंचेचाळीस वर्षांत फेडायचे ठरले. मिगच्या अपघातांचे सगळे खापर मात्र या फुटीवर फोडणे योग्य नाही. प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे अशी शिफारस १९८२ मध्येच झाली होती आणि हॉक विमानांचा करार व्हायला २००४ उजाडले. मधल्या काळात तरुण वैमानिक संथ विमानांवरून थेट ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने उतरणाऱ्या मिगवर जात राहिले. हा दोष दिल्लीचा आहे आणि तो दिल्लीच्याच नावावर राहायला हवा.

हा गुंता संपलेला नाही. आपल्या नौदलासाठीच्या दोन फ्रिगेट युद्धनौकांचे सांगाडे रशियात कॅलिनिनग्राडला पडून होते, कारण त्यांची टर्बाइन युक्रेनची होती आणि २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने रशियाला ती देणे बंद केले. शेवटी भारताने टर्बाइन स्वतः युक्रेनकडून विकत घेऊन रशियाच्या गोदीत पोहोचवली, तेव्हा कुठे ‘तुशील’ डिसेंबर २०२४ मध्ये आणि ‘तमाल’ जुलै २०२५ मध्ये नौदलात आली. याच वर्गातील पुढच्या दोन नौका गोवा शिपयार्डमध्ये तयार होत आहेत.

आता ओझरला तेजस मार्क-१ए या देशी लढाऊ विमानाची नवी जुळणी सुरू झाली आहे. त्याचे इंजिन अमेरिकेचे, जनरल इलेक्ट्रिकचे एफ-४०४. ऑगस्ट २०२१ मध्ये ९९ इंजिनांची मागणी नोंदवली, पहिले इंजिन हाती आले ते २०२५ च्या मार्चमध्ये. तोवर विमानांचे सांगाडे इंजिनाची वाट पाहत होते.

म्हणून एक विनंती आहे. यापुढे कोणत्याही शस्त्रखरेदीची बातमी देताना किंमत आणि नग यांच्याबरोबर चार गोष्टी आवर्जून छापाव्यात: इंजिनाचे ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) कोणत्या देशात होणार, सुटे भाग किती वर्षांचे आगाऊ घेतले, पैसे कोणत्या चलनात द्यायचे आणि भारतात बनलेला भाग तिसऱ्या देशाला देण्याची मुभा करारात आहे की नाही. संरक्षण मंत्रालय यातले काही सांगायला नकार देईल, तर तो नकारही त्याच बातमीत छापावा.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक