एवढं करतोस, तर विकत का नाहीस?

ठाणे (पश्चिम)
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी घरी नानकटाई, बिस्किटं भाजून वाटतो त्यावरून रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "एवढं करतोस, तर विकत का नाहीस?" मी तोंड उघडेपर्यंत आईने फोन घेतला आणि गुडघ्याच्या तेलाचं सुरू झालं. शिवाय बाबा, तुम्हाला हल्ली फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि राहिलेलं अर्धं तुम्ही आपल्या सोयीने भरून घेता. म्हणून कागद घेतला. सावकाश वाचा, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही. सोसायटीत विचारतात, ऑफिसात विचारतात, सासुरवाडीला तर माझ्या दुकानाचं नावसुद्धा ठरलंय. माणसाच्या हाताला जरा चव आहे असं दिसलं की त्याला दुकान काढायला सांगायचं, ही कौतुकाची एकच रीत आपल्याकडे उरली आहे. आईच्या चकल्या खाऊन कुणी तिला असं म्हटल्याचं मला आठवत नाही. डबा रिकामा करायचे आणि "वहिनी, अजून आहेत का?" विचारायचे.

विकणं अवघड आहे म्हणून टाळतोय, असं समजू नका. घरून विकायचं तर अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी करावी लागते, पण लहान धंद्याला फी किरकोळ आहे. पाकिटावर हिरवा ठिपका, घटक, तारीख हे सगळं छापून मिळतं. दराचं मात्र जमत नाही. साजूक तुपाची नानकटाई घरी करायची म्हटली तर बराचसा खर्च तुपातच जातो, आणि विचारणारा मनातल्या मनात कोपऱ्यावरच्या बेकरीचा भाव धरून बसलेला असतो. बेकरीचं गणित वनस्पती तुपावर चालतं. त्यात मी त्यांना नावं ठेवत नाही. बाबा, तुम्ही डालड्याला अजून विष म्हणता, पण २०२२ पासून त्यातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे, पूर्वीसारखं राहिलेलं नाही. तरी तुपाची चव तुपालाच.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी मी विकणार नाही, आणि त्याला कारण आई आहे.

आई, दिवाळीच्या आधी तू मला घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचीस ते आठवतंय का? दादा मोठा झाल्यावर त्याला लाज वाटायला लागली, म्हणून पिशव्या धरायला मी. मैदा, रवा, पिठीसाखर, तुपाची बरणी आणि पदराच्या टोकाला बांधलेली वेलदोड्याची पूड. भट्टीवर बायकांची ही रांग. डबे नंबराला लावलेले आणि प्रत्येकीचं लक्ष दुसरीच्या तुपावर. भट्टीवाला लांब लाकडी टेबलावर एका दमात आपलं पीठ मळायचा, तू समोरून हलायची नाहीस, कारण आपलं तूप दुसऱ्याच्या पिठात जाईल अशी तुला पक्की शंका. मग काळ्या पडलेल्या पत्र्यांवर गोळे मांडायचे. शेजारच्या काकूंच्या बिस्किटांवर टुटीफ्रुटी, आपल्यावर चारोळी, म्हणजे अदलाबदल नको. लांब दांड्याच्या फावड्यावरून पत्रे आत गेले की तोंडावर जी गरम झळ यायची, तिला एक नाकात शिरणारा वास असायचा. तो मला आवडायचा आणि तू पदर लावायचीस.

आणि दरवर्षी तू त्या भट्टीवाल्याशी एका गोष्टीवरून वाद घालायचीस. एक पत्रा लवकर काढायचा, आजीला दात नाहीत. एका पत्र्यात वेलची नाही, आत्याला चालत नाही. एक जरा करपू दे, बाबांना तशीच लागतात. तो वैतागायचा. "ताई, सगळ्यांची एकसारखी काढतो, घरी जाऊन वाटा कशीपण." तू ऐकायची नाहीस. चार किलोच्या पिठात तू घरातल्या प्रत्येकाचं वेगळं काढून घ्यायचीस आणि मजुरी मात्र ठरलेलीच द्यायचीस.

मी तेच करतो. इथे भट्टीवाला मीच असल्यामुळे वाद होत नाही, एवढाच फरक. तळमजल्यावरच्या आजोबांची नानकटाई मी दोन मिनिटं आधी काढतो. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या मुलीला गहू चालत नाही, तिच्यासाठी नाचणी आणि तांदळाच्या पिठाची करतो. त्या दिवशी ओटा, भांडी, ओव्हनचा ट्रे सगळं आधी धुऊन घ्यायचं, मैद्याची पिशवी त्या दिवशी उघडायचीसुद्धा नाही. गव्हातला चिकटपणा नाचणीत नसतो, त्यामुळे ती बिस्किटं उचलताना तुटतात. ट्रेमध्येच गार होईपर्यंत हात लावायचा नाही, हाच उपाय. तुमच्या नातीला कडेने लाल झालेलीच हवी असतात, थेट बाबांवर गेली आहे. आता ऑर्डर घेतली तर पन्नास डबे एकसारखेच काढावे लागतील, तारीख त्यांची, चव त्यांची. मग सणाचं राहिलं काय त्यात?

आई, तू विचारलं होतंस की तुझी नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये पसरून पोळीसारखी का होते. तूप वितळलेलं घेतेस म्हणून. तूप थिजलेलं, कणीदार हवं. कराडला थंडीत ते आपोआप असतं, इथे ऑक्टोबरात बरणीत नुसतं तेल. मी वाटी फ्रीजमध्ये ठेवून मग घेतो. १२५ ग्रॅम तूप आणि १०० ग्रॅम पिठीसाखर परातीत तळहाताने फेसायची, पांढरी आणि हलकी होईपर्यंत. यात घाई करायची नाही, कारण हवा शिरते ती इथेच. मग १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, २५ ग्रॅम रवा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, वेलची-जायफळ एकत्र चाळून त्यात घालायचं आणि नुसतं गोळा करायचं. कणकेसारखं तिंबायचं नाही! तुला हात लागला की मळायची सवय, पण मळलं की बिस्किट कडक. गोळे करून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये. ओव्हन आधी दहा मिनिटं तापवून घ्यायचा, १६० अंशांवर अठरा-वीस मिनिटं. काढताना मऊच लागतील, तेव्हा कच्ची आहेत म्हणून परत आत ढकलू नकोस. गार झाल्यावर खुसखुशीत होतात. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाहीत, आतल्या वाफेने सादळतात. सादळलीच तर पाच मिनिटं गरम ओव्हनमध्ये ठेवली की परत येतात.

विजेच्या बिलाची काळजी करू नकोस. आपला ओव्हन १५०० वॉटचा, तासभर सलग चालला तरी दीड युनिट. आणि तो सलग चालतच नाही, तापला की बंद पडतो, उतरला की लागतो. फक्त प्लग मोठ्या सोळा अँपियरच्या बोर्डातच लाव, मिक्सरच्या नको.

त्या भट्टीतल्या वासाचा शोध मला इतक्या वर्षांनी लागला. बाबा, हे तुम्हाला आवडेल. बेकरीवाले बिस्किटं फुलवायला अमोनिया वापरतात, खायचा असतो, पांढरी पूड. तापली की तिचा अमोनिया वायू, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते, मागे काहीच उरत नाही. पातळ कोरड्या बिस्किटातून सगळं उडून जातं, जाड केकमध्ये मात्र वास अडकतो, म्हणून केकला वापरत नाहीत. तो नाकात शिरणारा वास तोच. आई पदर लावायची ते बरोबरच होतं.

आणखी एक तुमच्या कामाचं. नानकटाईचं मूळ सुरतेत सांगतात. तिथे डचांची वखार होती, त्यांच्या पावाची भट्टी होती. डच गेले तेव्हा ती दोटीवाला नावाच्या पारशाकडे आली आणि तिथून पुढे ही बिस्किटं निघाली, अशी गोष्ट आहे. तुम्ही आता लगेच १६६४ वर जाणार आणि महाराजांनी सुरत लुटली तेव्हा डचांची वखार कशी वाचली ते आईला तासभर सांगणार, हे मला इथे बसून दिसतंय. सांगा. तिने नाही ऐकलं तर नातीला फोन लावा.

दिवाळीखेरीज आमच्याकडे ओव्हन जोरात चालतो तो नाताळला. वरच्या मजल्यावरच्या आंटी ईस्ट इंडियन ख्रिस्ती, इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या ठाण्यातल्या. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये जातात. घरात बोलतात ती मराठीच, पण आईला पहिल्यांदा कळायची नाही अशी, आणि मग अशी आवडेल की विचारू नका. डिसेंबरात त्यांच्याकडे सगळं घर कुलकुल करायला बसतं. पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, की शिंपल्यासारखी रेघांची वळी होते, मग तळायची. माझं काम खजुराचे रोल भाजायचं, कारण त्यांचा ओव्हन लहान आहे. खजूर थोड्या लोण्यात मऊ करायचा, लाटलेल्या पिठावर पसरायचा, गुंडाळून कापायचा. त्यांचं ताट आपल्याकडे आलं की ते रिकामं परत द्यायचं नाही, ही तुझी शिस्त इथेही चालू आहे. मागच्या नाताळला ताटात तिळाची बिस्किटं गेली, तर त्यांनी कृती लिहून मागितली.

गणपतीत मात्र ओव्हन बंद. उकडीचे असताना ओव्हन कशाला? चॉकलेटचे मोदक आता दुकानादुकानांत दिसतात, नात हट्ट करते, मी तिला बाहेर खाऊ देतो. घरात नाही. यात मी बाबांपेक्षा कडक आहे.

आता मुख्य काम. मार्गशीर्षात बाबांची पंचाहत्तरी. दादा म्हणतोय मोठा केक आणू, पंचाहत्तर आकडा घातलेला. मी नको म्हटलंय. बाबा केककडे बघत बसणार आणि लोक त्यांच्या तोंडात कोंबणार, वर "आजच्या दिवस चालतं". नाही चालत. आणि बाबा, तुम्ही शेजारच्या वाण्याकडून गुळाची बिस्किटं आणता आणि "साखर नाही त्यात" म्हणता, तेही बंद करा. गूळ रक्तात गेला की साखरच. नाचणीची असली तरी गूळ तो गूळ. डॉक्टरांनी तीन महिन्यांची साखर तपासायला सांगितली होती ती दिवाळीआधी करून घ्या. फराळ झाल्यावर केलीत तर माझ्या नावाने खापर फोडाल.

तुमच्यासाठी मी जिऱ्याची खारी बिस्किटं करतोय. गव्हाचं पीठ, लोणी, भरडलेलं जिरं, थोडा ओवा, मीठ बेताचं. कडा जरा जास्त भाजून, तुम्हाला लागतात तशा. पीठ ते पीठच, त्यामुळे चहाबरोबर दोन. पाहुण्यांना चारोळीची नानकटाई, आणि आत्यासाठी बिनवेलचीची वेगळ्या डब्यात, झाकणावर नाव घालून. दादाला सांगा की कापायला काही हवंच असेल तर कलिंगड आणा म्हणावं.

आम्ही आदल्या दिवशी खोपटहून सकाळच्या एसटीने निघू. डबे मी मांडीवर घेऊन बसणार, वरच्या रॅकवर टाकले की चुराच पोचतो.

आई, यंदा तळणाला एकटी बसू नकोस. अनारसे आणि करंज्या सुनेवर सोड, तिला तुझ्यापेक्षा बऱ्या येतात हे तूच मागच्या वर्षी शेजारी सांगितलंस, मला कळलंय. गुडघ्याला तेल लाव, पण डॉक्टरांची गोळीही घे.

नमस्कार. नातीचा दोघांना साष्टांग.

तुमचा
धाकटा

ता. क. करंजीचं जुनं पितळी कातणं माळ्यावरच्या निळ्या ट्रंकेत असेल. इथे मिळतं ते हलकं आहे, दाबलं की वाकतं. काढून, चिंचेने घासून ठेव, जिऱ्याची बिस्किटं कापायला मला पुढे लागेल. बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस, दादाला बोलाव.